पांढऱ्या पेशीचे हत्यार आणि गरिबाचे पोर

रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, हे शाळेत सगळेच शिकतात. पण गिळलेला जंतू त्या मारतात कशाने? 1973 साली अमेरिकेत बोस्टन येथे बर्नार्ड बेबिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ही पेशी ऑक्सिजनला एक जादा इलेक्ट्रॉन देऊन 'सुपरऑक्साइड' तयार करते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि पुढे हायपोक्लोरस आम्ल. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाण्यात तयार होते, तेच हे आम्ल. आमच्या वस्त्यांत ती पावडर साथ आल्यावरच पोहोचते, हा भाग वेगळा!

1974 साली बेबिअर यांच्याच चमूने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. 'क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज' या जन्मजात आजारात पेशी जंतू गिळते, पण सुपरऑक्साइड बनवू शकत नाही. मग वारंवार न्यूमोनिया, यकृतात गळू, मानेला गाठी. आपल्याकडे गाठ दिसली की क्षयाची औषधे सुरू होतात. या मुलांना क्षय खरोखरही होतो, बीसीजीची लसही बाधू शकते. त्यामुळे मूळ दोष झाकलेलाच राहतो. दोष बहुधा आईकडून मुलग्याकडे येतो. दोन मुलगे गेले की सासर त्या बाईला पांढऱ्या पायाची ठरवते. गुणसूत्रातला दोष हा कोणाचा अपराध नव्हे, हे तिला कोण सांगणार?

निदान थोड्याशा रक्तावर होते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत ही तपासणी होते. रोजची कोट्रायमोक्साझोलची स्वस्त गोळी संसर्ग पुष्कळ कमी करते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मूल बरे होऊ शकते. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात हा आजार नमूद आहे. 2022 मध्ये मदतीची मर्यादा 50 लाख रुपये झाली. पण निदानच नसेल तर अर्ज कशाचा करायचा? रक्ताचा नमुना एक-दोन दिवसांतच तपासावा लागतो. गडचिरोलीचे मूल परळला कोणत्या गाडीने येणार?

सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली पश्चिम बंगा खेत मजदूर समितीच्या खटल्यात स्पष्ट केले की, वेळेवर उपचार न देणे हा कलम 21 चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. तो खटला तातडीच्या उपचारांचा होता. आम्ही तोच न्याय निदानालाही लावू. प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून नमुना दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवण्याची सोय सरकारने करावी. तोवर कार्यकर्त्यांनी एवढे करावे : एकाच मुलाला पुन्हा पुन्हा गळू होत असेल, तर केसपेपरवर या तपासणीची शिफारस डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.