समुद्रातले सीझियम आणि ताटातली मासळी

२०२३ सालची गोष्ट. गणपतींचे विसर्जन होऊन आठवडा झाला होता. एक सासूबाई सातव्या महिन्यातल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सुनेचे हिमोग्लोबिन साडेआठ. आहाराची चौकशी केली तेव्हा कळले, की श्रावण संपला तरी घरात मासळी शिजलेलीच नाही. ‘‘जपानने अणुभट्टीचे पाणी समुद्रात सोडलेय ना, डॉक्टर? पोटातल्या बाळाला काही झाले तर?’’

काळजी खोटी नव्हती. पण काळजीलाही मोजमाप हवे.

किरणोत्साराचे माप म्हणजे बेकरेल. दर सेकंदाला एक अणू फुटला, की तो एक बेकरेल. निसर्गतः समुद्राच्या एक लिटर पाण्यात पोटॅशियमचे सुमारे १२ बेकरेल असतात. तुमच्या-आमच्या शरीरातही पोटॅशियमचेच सुमारे ४ हजार असतात. तेव्हा ‘किरणोत्सार आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशाचा आणि किती, हे विचारायला हवे.

मानवनिर्मित पदार्थांत महत्त्वाचे सीझियम-१३७. ते शरीरात पोटॅशियमच्या वाटेने जाते, स्नायूंत बसते आणि प्रौढ माणसात साधारण तीन महिन्यांत निम्मे बाहेर पडते. समुद्रात मात्र ते ३० वर्षांनी निम्मे होते. त्यामुळे १९५०-६०च्या दशकांतील अणुबॉम्ब चाचण्यांचे सीझियम अजूनही सर्व महासागरांत सापडते.

मग ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांतून सांडलेले सीझियम वेगळे कसे ओळखायचे? त्याचा जोडीदार सीझियम-१३४ दर दोन वर्षांनी निम्मा होतो. जुन्या चाचण्यांच्या काळातला तो केव्हाच संपला. तेव्हा २०११ नंतर प्रशांत महासागरात १३४ दिसला, की तो फुकुशिमाचा. शास्त्रज्ञ पिंपे भरून समुद्राचे पाणी घेतात, सीझियम धरून ठेवणाऱ्या पदार्थातून ते गाळतात आणि तो पदार्थ शिशाच्या जाड भिंतींतील यंत्रात ठेवतात. प्रत्येक पदार्थाच्या गामा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसा त्यावरून पदार्थ ओळखतात.

ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्नियाजवळ पकडलेल्या १५ ब्लूफिन ट्यूना माशांत हा ठसा सापडला. हे मासे लहानपणी जपानजवळ वाढून महासागर ओलांडून आले होते. तिकडेच राहणाऱ्या यलोफिन ट्यूनात मात्र १३४ नव्हता. ब्लूफिनच्या सुकवलेल्या मांसात किलोला दोन्ही सीझियम मिळून सुमारे १० बेकरेल भरले; त्याच मांसात नैसर्गिक पोटॅशियमचे सुमारे ३५० होते.

याचा अर्थ धोका कुठेच नाही, असा नव्हे. जपानमध्ये माशांसाठी सीझियमची मर्यादा किलोला १०० बेकरेल आहे. मे २०२३ मध्ये फुकुशिमा केंद्राच्या बंदरात पकडलेल्या एका माशात ते १८ हजार निघाले! असा मासा बाजारात जाता कामा नये, आणि तो कळतो तो मोजल्यामुळेच.

२४ ऑगस्ट २०२३ पासून सोडले जाणारे पाणी त्याआधी गाळून घेतलेले असते. गाळता न येणारा ट्रिटियम त्यात उरतो. त्याचे किरण इतके दुबळे, की कातडीही भेदत नाहीत. पोटात गेलाच तर साधारण दहा दिवसांत निम्मा बाहेर पडतो. सोडताना मर्यादा लिटरला १,५०० बेकरेल. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा १० हजार.

आपल्याकडे तारापूरला १९६९ पासून अणुवीजकेंद्र आहे. तिथल्या परिसरातले पाणी आणि मासे प्रयोगशाळेत तपासले जातात. अशी तपासणी नियमित व्हावी, आकडे लोकांपुढे यावेत, हा आग्रह नागरिकांनी जरूर धरावा.

सासूबाईंना मी एवढेच सांगितले, ‘‘मावशी, जपानचे पाणी तुमच्या सुनेपासून फार लांब आहे. तिच्या अंगात रक्त कमी आहे, हे मात्र आज, इथे आहे. लोहाच्या गोळ्या चुकवू नका. बांगडा, मांदेली, कोळंबी ताजी आणून नीट शिजवून खाऊ घाला. टाळायचीच तर मोठी मुशी टाळा. तिच्यात पारा साठतो.’’

भीतीने ताट रिकामे करण्याआधी आकडा विचारावा. आकडा मोठा निघाला, तर ताट जरूर बाजूला सारावे.