तुंबा : एका वेलाचा जगप्रवास

भाजीवालीच्या पाटीतील दुध्या भोपळ्याकडे आपण फारसे कौतुकाने पाहत नाही. आजाऱ्याचे पथ्य किंवा उपासाचा हलवा, एवढीच त्याची ओळख. परंतु हेच फळ वेलीवर पुरते जून होऊ दिले, की ते भाजी राहत नाही, भांडे होते. आतला गर सुकतो, साल लाकडासारखी टणक होते आणि बिया खुळखुळू लागतात. हा वेल मनुष्याने प्रथम जवळ केला तो मुख्यतः या भांड्यासाठी, असे अनेक संशोधकांचे मत आहे. कुंभाराचे चाक फिरू लागण्याच्या कितीतरी आधी पाणी वाहून नेण्याची सोय निसर्गाने वेलीला टांगून ठेवली होती.

या वेलाचे मूळ घर आफ्रिका. मौज अशी की, कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचला त्याच्या हजारो वर्षे आधी भोपळा तेथे पोहोचलेला होता; तेथील अवशेष सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. मग तो गेला कसा? १९५४ साली व्हिटेकर आणि कार्टर या शास्त्रज्ञांनी भोपळे समुद्राच्या पाण्यात तरंगत ठेवले. २२४ दिवसांनंतरही आतील बिया रुजल्या! पुढे २००५ मध्ये आनुवंशिक तपासणीवरून त्याचे नाते आशियाशी जोडले गेले; माणसांनीच तो बरोबर नेला, असे वाटू लागले. २०१४ च्या अधिक विस्तृत तपासणीने मात्र पुन्हा आफ्रिकेकडे बोट दाखविले. अटलांटिकच्या प्रवाहावर तो आपला आपणच तरंगत गेला असावा.

जेथे गेला तेथे त्याने चाकरी केली. अर्जेंटिना-उरुग्वेत मातेचा कढा ज्या पात्रातून पितात ते भोपळ्याचे. पश्चिम आफ्रिकेतील कोरा या तंतुवाद्याचे पोट भोपळ्याचे. हवाईत तो नृत्याला ताल देतो, पेरूत त्याच्या सालीवर नक्षी कोरतात, तर जपानात त्याच्या गराच्या लांब पट्ट्या वाळवून खातात.

आपल्याकडे तर तो साधूच्या हातातला तुंबा आहे, गारुड्याच्या पुंगीत आहे, एकतारीत आहे. पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला बांधायचा सुका भोपळाही तोच. स्वतःची 'तुंबडी भरणारे' लोकही आपण रोज पाहतोच! पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारे मोठे भोपळे मिरजेला जातात. तेथील कारागीर ते भिजवतात, कापतात, आतून साफ करून आकाराला आणतात आणि त्यांना लाकडी दांडी जोडून सतार व तंबोरा घडवितात. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे गवयाच्या पाठीशी घुमणाऱ्या षड्जाची सुरुवात शेतकऱ्याच्या वावरात होते. फळ वाकडे निघाले अथवा साल पातळ राहिली, तर पुढचे सारे कौशल्य अडून बसते.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने गाठीशी बांधावी. कडू तुंबा आणि गोड दुध्या यांची जात एकच. कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये कधी कधी नेहमीच्या दुध्यातही उतरतात, आणि बाहेरून फळ पाहून ते कळत नाही. आरोग्यासाठी म्हणून कच्चा रस पिणाऱ्यांपैकी काहींना त्यामुळे रक्ताच्या उलट्या झाल्या, काही दगावलेही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात सांगितले आहे, की रस काढण्यापूर्वी फोडीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर भोपळा टाकून द्यावा. रस प्यायल्यावर त्रास वाटला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. या विषावर नेमका उतारा नाही. 'औषध आहे, कडू लागणारच' अशी मनाची समजूत घालून पेला रिकामा करणे, हेच खरे धोक्याचे.

ज्या कडूपणामुळे फळ पोटाला चालत नाही, तो तंबोऱ्याच्या भोपळ्याला मुळीच बाधत नाही. कोणता भोपळा चुलीवर चढवावा आणि कोणता खुंटीवर टांगावा, हे आपल्या पूर्वजांनी जिभेवर पारखून ठरविले. ती पारख आजच्या शहरी स्वयंपाकघरातही जिवंत राहिली पाहिजे.