बोटभर राक्षसाची रंगरंगोटी

मुलांचे छंद काही आईला विचारून लागत नाहीत. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी काडेपेट्यांची चित्रं. आणि एखादा मुलगा बोटभर उंचीचा, बरगड्या निघालेला, दात विचकणारा राक्षस पुढ्यात मांडून त्याला तासन्‌तास रंग देत बसतो. आपल्या पोटात धस्स होतं. ‘हे काय भलतंच खूळ?’ असं ओठांवर येतंच. मैत्रिणींनो, या खुळाबद्दलच आज सांगायचं आहे. कारण २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते माझ्या जेवणाच्या टेबलावर चांगलं तीन आठवडे मुक्कामाला होतं.

माझ्या नणंदेचं बिऱ्हाड इंग्लंडात नॉटिंगहॅमला आहे. तिचा चौदा वर्षांचा मुलगा सुट्टीत आमच्याकडे आला, तो रंगांच्या चिमुकल्या डब्या आणि एक खोकं घेऊनच. हा छंद नॉटिंगहॅमच्या मुलांना लागला तर नवल नाही. ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी १९७५ साली लंडनमध्ये सुरू झाली. आज तिचं मुख्य ठाणं नॉटिंगहॅमला आहे. १९८३ साली त्यांचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ निघाला. पटावर सोंगट्या असतात ना, तशा यात टेबलावर सैनिकांच्या छोट्या मूर्ती मांडायच्या, फासे टाकायचे आणि पट्टीने मोजून त्या सरकवायच्या. मात्र मूर्ती कोऱ्या मिळतात, रंगवायच्या आपण. १९८७ पासून या रंगकामाची ‘गोल्डन डेमन’ नावाची स्पर्धाही भरते.

या खेळांचं जग काळोखं असतं. कवट्या, गंजलेली शस्त्रं, पडके वाडे. भाच्याच्या खोक्यातला ‘घूल’ म्हणजे तर प्रेतं खाणारा प्राणी! सासूबाई म्हणाल्या, “गणपती तोंडावर आलेत आणि घरात ही भुतंखेतं?”

त्यावर भाच्याने त्याची गोष्ट सांगितली. २०१५ साली आलेल्या ‘एज ऑफ सिग्मार’ या खेळातले हे घूल स्वतःला राक्षस समजतच नाहीत. त्यांच्या राजाला वेड लागलेलं आहे आणि त्या वेडापायी तेही स्वतःला शूर सरदार समजतात. अंगावर लक्तरं, पण मनात भरजरी अंगरखा! सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बिचारा!” आपल्याकडे आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात. भीतीशी घरोबा करणं आपल्याला काही नवं नाही.

आता कृती. घरात कुणाला हा नाद लागला असेल, तर हे कात्रण जपून ठेवा.

मूर्ती प्लॅस्टिकच्या चौकटीतून कटरने सुटी करावी. साच्याच्या जोडाची बारीक रेघ दिसते, ती पात्याच्या पाठीने हलकेच खरवडावी. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, वाळवून मग भाग चिकटवावेत. रंगवताना बोटं लागू नयेत म्हणून मूर्ती रिकाम्या औषधाच्या बाटलीच्या झाकणावर दुहेरी चिकटपट्टीने बसवावी.

पहिला हात अस्तराचा. त्याशिवाय रंग धरत नाही. फवाऱ्याचा डबा विमानात नेता येत नाही, आणि पावसाळी दमट हवेत फवाऱ्याचं अस्तर खरखरीतही होतं. म्हणून आम्ही ब्रशानेच काळं अस्तर दिलं. ते वाळल्यावर वरच्या बाजूने पांढरट रंग पुसट फिरवला; उजेड कुठून पडतो ते त्याने कळतं.

मग मुख्य रंग. पाणी घालून दुधाइतका पातळ करावा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले, नाहीतर बारीक नक्षी बुजते. रंग वाळू नये यासाठी घरगुती युक्ती: झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग.

यानंतरची पायरी गमतीची. पातळ तपकिरी पाणी मूर्तीवर सोडायचं. ते बरगड्यांच्या खोबणीत उतरून बसतं. एवढ्याशा मूर्तीची सावली खरी पडत नाही, म्हणून ती रंगाने द्यावी लागते. ते वाळलं की जुना ब्रश फिक्या रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईतो पुसावा आणि उंचवट्यांवरून फिरवावा. हाडं अशी उठून दिसतात की विचारू नका!

काळोखी कळा हवी तर रंग मोजकेच घ्यावेत: हाडासारखा पिवळट, माती, मळकट हिरवा. लाल फक्त एकाच जागी. तळाला चाळलेली वाळू आणि कडकडीत वाळवलेला चहाचा चोथा फेव्हिकॉलने चिकटवावा. चोथा ओला राहिला तर बुरशी येते बरं का! शेवटी बिनचकाकीचं व्हार्निश.

डोळ्यांवरून मात्र वाद झाला. सासूबाईंचं माहेर पेणचं. त्यांच्या मते डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी. भाचा म्हणाला, आमच्यात पुष्कळजण डोळे आधी करतात. रंग बाहेर गेला तर कातडीच्या रंगाने झाकता येतो. अखेर आजीने चष्मा लावून शेजारी बसावं आणि “तिरळा करू नकोस रे,” असं बजावत राहावं, यावर तडजोड झाली.

अशाच एका संध्याकाळी, मान वर न करता, तो म्हणाला, “मामी, नव्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच बसतो.” तीन आठवड्यांत ‘शाळा कशी आहे?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ याखेरीज उत्तर मिळालं नव्हतं. मीही ब्रश थांबवला नाही. नुसतं “कधीपासून?” एवढंच विचारलं. मग हळूहळू सगळं निघालं. रात्री नणंदेला फोन केला, त्याला सांगूनच. शनिवारी जिथे तो खेळायला जातो तिथे याच वयाची मुलं असतात; तिथे आता ती त्याला न चुकता सोडते.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. समोर उभं करून विचारलं की मुलं मिटतात, हे रोज पाहते. हात कामात आणि नजर खाली असली की बोलणं सोपं जातं. आपण बायका वाटाण्याच्या शेंगा सोलताना नाही का मनातलं बोलत?

दोन-चार सूचना मात्र हव्याच. पातं वापरताना मोठं माणूस जवळ असावं. चिकटवताना खिडकी उघडी ठेवावी. ब्रश तोंडात घालू देऊ नये. जुन्या धातूच्या मूर्तींत शिसं असू शकतं. त्या घासायला देऊ नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत. हा छंद महागही आहे. एक मूर्ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरी नाही, असा नियम घालावा.

आणि नाक मुरडण्याआधी एकदा ब्रश मागून घ्या. राक्षस कसाही निघो, शेजारची खुर्ची रिकामी ठेवू नका.