मसल कार: हळहळ नेमकी कशाची?

आजचा विषय अमेरिकन मसल कार. म्हणजे काय, तर मध्यम आकाराची, परवडणारी गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन. सुरुवात मानतात १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून. जनरल मोटर्सचा नियम होता, मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नको. जॉन डीलोरियन आणि मंडळींनी पळवाट काढली: ३८९ घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं इंजिन टेम्पेस्ट गाडीवर 'ऑप्शन' म्हणून द्यायचं. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्या.

मग संपलं कशामुळे? विम्याचे हप्ते भडकले, १९७० चा हवा-प्रदूषणाचा कायदा आला, १९७३ ला तेलसंकट. पण एक गंमत बघा. १९७२ च्या सुमारास ताकद मोजायची पद्धतच बदलली. आधी सायलेन्सर, एअर फिल्टर न लावता नुसतं इंजिन मोजायचे. आता सगळं जोडून. आकडे धाडकन खाली आले. त्यातली काही घसरण खरी, काही नुसती कागदावरची!

म्हणून जुने आकडे ऐकून हळहळताना जरा थांबा. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना चारही ब्रेक ड्रमचे, पेट्रोल शिशाचं. आजच्या कितीतरी साध्या गाड्या त्यांच्यापेक्षा चांगल्या थांबतात. मग आठवतं काय? विशीतल्या पोराला पगारातून हप्त्यावर अशी गाडी घेता यायची, आणि बॉनेट उघडून स्वतःच दुरुस्तही करता यायची. हळहळ आहे ती त्याची.