काट्यावर न दिसणारी चरबी

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यात उसाची गाडी आधी काट्यावर जाते. पण टन कळले म्हणून साखर कळत नाही, त्यासाठी उतारा बघावा लागतो. हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. घरातल्या मुलीची पाळी लांबली की मात्र सगळा निवाडा वजनावरच होतो. जाड असेल तर ‘आधी वजन कमी कर’, बारीक असेल तर ‘अशक्तपणा आहे, लग्नानंतर होईल सगळं नीट.’ दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, आणि दुसरा तर धोक्याचाही.

लांबलेल्या पाळीमागे अनेकदा अंडाशयाचा एक विकार असतो : पीसीओएस, म्हणजे बोलण्यातलं पीसीओडी. त्याचं वर्णन शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी 1935 मध्ये सात स्त्रियांवरून केलं. इन्शुलिनशी त्याचं नातं उजेडात यायला 1980 साल उजाडलं. ते नातं असं : पोटातली चरबी वाढली की स्नायू आणि यकृत इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड ते आणखी सोडतं. गोम अशी, की अंडाशय मात्र या जादा इन्शुलिनला पुरेपूर दाद देतं आणि टेस्टोस्टेरॉन वाढवतं. त्याच वेळी टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं. दुहेरी फटका. हनुवटीवर राठ केस येतात, मुरमं जात नाहीत, बीजं अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या ‘गाठीं’नी घर हादरतं, त्या बहुधा याच थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या असतात, कापून काढायच्या गाठी नव्हेत. वर हे टेस्टोस्टेरॉन पुन्हा पोटाकडेच चरबी वाढवतं. म्हणून ‘खाऊन खाऊन ओढवून घेतलं’ हा टोमणा शास्त्राला धरून नाही. जाडी आजार वाढवते, आजार जाडी वाढवतो आणि आनुवंशिकता दोन्हींच्या मागे उभी असते.

मग बारीक मुलींचं काय? मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी केली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निदानाच्या रॉटरडॅम निकषांनी 22.5 टक्के मुलींना पीसीओएस निघालं. जास्त कडक निकष लावल्यावर 10.7 टक्के. रॉटरडॅम निकषांत बसलेल्या मुलींपैकी सुमारे 72 टक्के लठ्ठ नव्हत्याच.

बारीक मुलींनाही हे का होतं, याचा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5, तरी आपली बाळं चरबीत तेवढी मागे नाहीत, मागे आहेत ती स्नायूंत. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, आणि बायकांनी कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत ठेवावा असं सांगतात. शिंप्याची टेप घरोघरी असते. ती वजनकाट्यापेक्षा जास्त सांगते.

वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी रुळावर येते. 70 किलोच्या मुलीला साडेतीन किलोपासून फरक दिसू शकतो. तिला 50 वर आणायची घाई कुणी करू नये. काट्यावर फरक पडला नाही तरी रोजच्या व्यायामाने स्नायू इन्शुलिनला जास्त दाद देऊ लागतात. आईचा दिवस गोठ्यात आणि भांगलणीत जातो, मुलीचा एसटीत आणि वर्गात. तिला व्यायाम वेगळा काढावाच लागतो.

पहिली पाळी येऊन तीन वर्षं झाल्यावरही दोन पाळ्यांत 35 दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, तर मुलगी जाड असो की काटकुळी, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. पीसीओएस निघालं तर साखरेची तपासणीही करून घ्यावी : उपाशीपोटी रक्त, मग 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त.