जखमी बोटाची डागडुजी

कडबाकुट्टीच्या पात्यांत बोट सांपडलें म्हणजे इस्लापुराकडील मजुराची रोजीच तुटते. कातडी व मांस जाऊन हाड उघडें पडलें असतां त्यावर नुसती पातळ कातडी लावून भागत नाहीं. उघडें हाड तिला रक्त पुरवूं शकत नाहीं. म्हणून शल्यवैद्य शेजारच्या बोटाच्या पाठीवरील कातडीचा पदर, एक कड न तोडतां, जखमेवर उलटवितात. त्या कडेंतून रक्त वाहत राहतें. दोन-तीन आठवड्यांनीं पदरास जखमेकडूनच रक्त मिळूं लागलें कीं जोड कापतात. जखम मोठी असल्यास पदर जांघेजवळून घेतात.

ही विद्या आपल्या भूमीस नवी नाहीं. टिपूच्या कैदेंत नाक गमावलेल्या कावसजी गाडीवानास पुण्याजवळ एका देशी वैद्यानें कपाळाच्या कातडीचें नाक बसविलें. ती हकीकत १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत छापली गेली, आणि १८१४ सालीं कार्प्यू या शल्यवैद्यानें तीच रीत तेथें अवलंबिली.

विद्यार्थ्यांस आम्ही इतकेंच सांगतों: जखमेंत हळद किंवा चुना भरूं नये; स्वच्छ फडक्यानें दाबून, हात उंच धरून तत्काळ रुग्णालय गांठावें. तुटलेला तुकडा स्वच्छ ओल्या फडक्यांत गुंडाळून पिशवींत बंद करावा व ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकड्यास बर्फ लागूं देऊं नये. त्या तुकड्यावर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून असते.