भिंत हवा खाते!

दोस्तांनो, कुकटपल्लीत राहणाऱ्यांना दगडाचं काय कौतुक! हैदराबादभर जिकडेतिकडे ग्रॅनाइटचे खडक, तेही सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे. पण समुद्र आपल्यापासून लांब. म्हणून सुट्टीत मुंबईला मामाकडे गेलात, की हट्ट धरा आणि वसईचा किल्ला बघून या.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांनी तटाच्या आत अख्खं शहरच वसवलं. पुढे १७३९ मध्ये मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी ते जिंकून घेतलं. आज तिथल्या बहुतेक चर्चची छपरं पडली आहेत, तरी उंच उंच कमानी अजून ताठ उभ्या आहेत. इतका पाऊस, इतका खारा वारा सोसूनसुद्धा! आणि तेव्हा सिमेंट होतं कुठे?

भिंतीजवळ जाऊन दगडांच्या सांध्यात नीट बघा. पांढुरकं काही दिसतं ना? तो चुना. कोकणात पूर्वी चुना बनायचा तो शिंपल्यांपासून. समुद्रातला इवलासा जीव पाण्यातलं कॅल्शियम घेऊन आपलं कवच बांधतो. असे शिंपले भट्टीत घालून ९०० अंशांच्या आसपास तापवले, की त्यांतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरते ती चुनकळी. तिच्यावर पाणी ओतलं की ती फसफसते, फुटते, वाफा सोडते. मग वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायचं आणि दगडांमध्ये भरायचं.

खरी गंमत पुढेच आहे. भट्टीत उडून गेलेला तोच वायू चुना हवेतून हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. जाड भिंतीत हे काम वर्षानुवर्षं चालतं. केवढी हुशारी ही! आपला १५९१चा चारमिनारही दगड आणि चुन्यानेच उभा आहे.

तो वायू पाहायचाय? अंड्याचं टरफल व्हिनेगरमध्ये टाका. टरफलावर बारीक बारीक बुडबुडे धरतात, एकेक सुटून वर येतो. तोच आपला कार्बन डायऑक्साइड! शिंपला आणि टरफल, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचेच.

पण हा प्रयोग घरीच करायचा हं. किल्ल्याच्या भिंतीवर काही ओतू नका, आपलं नावही कोरू नका.